मोर्चात पोलिसांनी गाडीत बसवलं, तर

मोर्चाच्या परवानगीचा अर्ज दिलाय, अर्जाच्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा आवक शिक्का आहे, वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात आहे, हे धरून चालतो.

आदल्या दिवशी आयोजकाला पोलिसांची नोटीस येते: गुन्हा घडू देऊ नका, अशी ताकीद. जुने कार्यकर्ते तिला अजून '१४९ची नोटीस' म्हणतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची झाली. तारीख-वेळ टाकून घ्या. घेतली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं होत नाही. मनाई आदेश लागू आहे म्हणाले तर त्याची प्रत मागा.

"संविधानाचं कलम १९ सांगा, कुणी हात लावणार नाही," असं सांगणारा बहुधा कधी गाडीत बसलेला नसतो. १९(१)(ख) निःशस्त्र, शांततेने जमण्याचा हक्क देतं हे खरं, पण १९(३) त्यावर वाजवी बंधनंही घालू देतं. बंधन वाजवी होतं की नाही, हे न्यायालय ठरवतं. बॅरिकेडपाशी त्यावर घसा कोरडा करू नका.

गाडीत बसवलं की मात्र डोकं शांत ठेवून एकच विचारा: "साहेब, कोणत्या कलमाखाली?" हा भाग उमगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ताबा आणि अटक यांतला फरक कुणी सांगतच नाही. "६८ला घेतलंय, ६९ला सोडू" असं उत्तर आलं तर तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, म्हणजे नुसता ताबा. किरकोळ प्रकरणात प्रसंग टळला की सोडायचं, असं ६९च म्हणतं. बसा, घोषणा द्या, हुज्जत नको. १७० म्हणाले तर ती नागरिक सुरक्षा संहितेतली प्रतिबंधात्मक अटक (गुन्हा होऊ नये म्हणून आधीच केलेली), साधारणपणे २४ तासांच्या आतली. गुन्हा दाखल केलाय म्हणाले तर सरळ अटक.

"जरा चौकशीला बसवलंय" हे उत्तर सगळ्यात वाईट. असं कुठलंही कलम नाही. कलम नाही म्हणजे बहुतेकदा नोंदही नाही, आणि नोंद नाही तर घड्याळही सुरू नाही. संविधानाचं कलम २२ सांगतं, अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा (प्रवासाचा वेळ वगळून). सकाळी ११ला उचलून संध्याकाळी ७ची अटक दाखवली की ८ तास गिळले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९०च्या अशक हुसेन निकालात म्हटलंय की हालचालीवर बंधन आलं तिथूनच अटक सुरू होते. म्हणून गाडीतूनच वेळ, जागा आणि गाडीचा नंबर वकिलाला पाठवा. तोच पुढे पुरावा.

"कशावरही सही करू नका" हाही अर्धवट सल्ला. अटकेच्या कागदावर तुमची सही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६लाच लागते (पुढची कलमंही त्याच संहितेची). आधी वेळ वाचा; चुकीची असेल तर खाली स्वतःच्या अक्षरात खरी वेळ लिहा, मग सही करा. तपासातल्या जबाबावर मात्र सही नाहीच. देणाऱ्याची सही घेऊ नये, असं कलम १८१ सांगतं. कोऱ्या कागदाचं तर बोलायलाच नको.

घरच्या कुणाला कळवायचं ते नाव तुम्ही द्यायचं, कळवल्याची नोंद ठाण्यात व्हायला हवी (कलम ४८). बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर कारण अपवादात्मक हवं, महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी हवी.

मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरला प्रत्येक वळ दाखवा आणि लिहून घ्यायला लावा. दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहिलात की, त्यांनी विचारायची वाट न पाहता, तेच पहिल्यांदा सांगा.