घरी बनवलेल्या रॅकमधील हवा आणि ओलावा : कोल्हापूरच्या हवामानात बॉल पायथनचा टब कसा तयार करावा

कोल्हापुरात सापाच्या टबला, म्हणजे रॅकच्या कप्प्यात सरकवलेल्या त्याच्या राहण्याच्या प्लास्टिकच्या डब्याला, एकाच वर्षात दोन अगदी वेगळ्या हवा सोसाव्या लागतात. एप्रिलच्या दुपारी दोरीवरचे कपडे तासाभरात खडखडीत वाळतात. जुलैअखेरीस, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या येऊ लागतात तेव्हा, तेच कपडे घरात तीन दिवस दमट राहतात. त्यामुळे दुसऱ्या हवामानात कोणी टबाला हवेसाठी पाडलेल्या भोकांची संख्या जशीच्या तशी उचलून येथे भागत नाही. टबातील हवा ऋतूप्रमाणे कमी-जास्त करता यावी, हे ठरवूनच कामाला लागावे.

त्याआधी एक आवश्यक सूचना. नाग, धामण, भारतीय अजगर, घोरपड आणि स्टार कासव यांना घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन हा आफ्रिकेतील साप असला तरी तो साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारात समाविष्ट असल्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. रॅक बनवण्याआधी ती पूर्ण करावी.

आता मुख्य विषय. हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते. म्हणजे २५ अंश सेल्सिअस तापमानाची, ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा टबात शिरून ३२ अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता सुमारे ४७ टक्क्यांवर येते. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हे ध्यानात न घेता अनेक जण खोलीतील आकडा पाहून निश्चिंत राहतात. दुसरी चूक याहून घातक आहे: आर्द्रता वाढवायची म्हणून तळ ओला करणे. सापाला दमट हवा हवी असते, ओले अंथरूण नव्हे. ओल्या तळावर दिवसेंदिवस पडून राहिल्यास पोटाखालचे खवले लाल होऊन कुजू लागतात, आणि कोंदट, थंड ओलाव्यात श्वसनमार्गाचा संसर्ग बळावतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात रॅकपासून करावी. उघडे प्लाय ओल शोषून काळी बुरशी धरते, म्हणून आतल्या बाजूला लॅमिनेट लावावे किंवा कडांसह वॉर्निश करावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत रॅक बरेच दिवस उघडा ठेवावा. टबाच्या बाजूच्या भिंती आणि रॅकची फळी यांत बोटभर अंतर सोडावे, कारण भोकापुढे फळी चिकटून असेल तर ते भोक असून नसल्यासारखेच. हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी) मागच्या बाजूला, टबाच्या तळाचा सुमारे एक तृतीयांश भाग तापेल अशी बसवावी आणि ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही चालू करू नये.

गरम हवा वर चढते, म्हणून मागच्या गरम टोकाकडील भोके भिंतीच्या वरच्या भागात आणि पुढच्या थंड टोकाकडील भोके थोडी खाली पाडावीत. त्यामुळे पुढून शिरलेली हवा मागून बाहेर पडते. प्रौढ सापाच्या टबाला प्रत्येक बाजूला ६ मि.मी.ची ६ ते ८ भोके सुरुवातीला पुरतात, पिल्लांसाठी ती ३ मि.मी.ची असावीत. ड्रिल हाताशी नसेल तर उद्यमनगरातील एखाद्या वर्कशॉपमध्ये हे काम करून घ्यावे. भोक आतून बाहेर पाडावे, म्हणजे धारदार कड बाहेरच्या बाजूला येते. तरीही प्रत्येक भोकातून बोट फिरवून पाहावे आणि खरखर लागली तर पॉलिश पेपरने घासावे, कारण साप रात्री नाक त्याच कडेवर घासत असतो. सुरुवातीला भोके कमीच ठेवावीत. नवे भोक पाडायला मिनिट लागते, जास्तीचे मात्र चिकटपट्टीने बुजवत बसावे लागते, आणि ती पट्टी बाहेरूनच लावावी. आत सुटलेली पट्टी सापाच्या कातडीला चिकटते.

साप ठेवण्यापूर्वी टब किमान तीन-चार दिवस रिकामा चालवून पाहावा. डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) आधी तपासून घ्यावा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतपतच पाणी घालावे, झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत आठ तास ठेवावेत. आकडा ७५ च्या जवळ असायला हवा. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढील प्रत्येक नोंदीत धरावा. माझ्या एका हायग्रोमीटरने ६६ दाखवले होते, आणि त्यावर विसंबून मी महिनाभर टब गरजेपेक्षा जास्त दमट ठेवत होतो.

उन्हाळ्यात पाण्याचे भांडे पसरट घेऊन गरम टोकाजवळ सरकवावे, मागची अर्धी भोके बुजवावीत आणि ओलसर, पण पिळून काढलेले मॉस (शेवाळ) घातलेला, साप आत शिरू शकेल असे तोंड असलेला एक झाकणाचा डबा आत ठेवावा. पावसाळ्यात भांडे लहान करून पुढे आणावे, सगळी भोके मोकळी करावीत, खोलीतला पंखा चालू ठेवावा. पण तो थेट रॅकवर नको. बाहेर गारवा आहे म्हणून हीट टेप बंद करणे ही पावसाळ्यातली सर्वांत मोठी चूक, कारण टबातली हवा कोरडी ठेवण्याचे कामही तीच उष्णता करत असते. पुढच्या भिंतीवर सकाळी दव दिसले आणि ते दुपारपर्यंत हटले नाही, किंवा खाली घातलेला कागद लोळागोळा झाला, तर हवा पुरेशी खेळत नाही असे समजावे.

खरा निकाल कात देते. ती एकसंध निघाली तर तिचे डोक्याकडचे टोक उजेडात धरून दोन्ही डोळ्यांवरची पारदर्शक आवरणे तिच्यात आहेत का, ते पाहावे. कात तुकड्यातुकड्यांत निघाली किंवा आवरण डोळ्यावरच राहिले, तर चिमट्याने ओढू नये. सापाला ओलसर कापड घातलेल्या, हवेशीर डब्यात अर्धा तास ठेवावे आणि तरीही आवरण सुटले नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे.