झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची तुलना करताना काय पाहावे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या औषधांच्या दुकानात नवी चिठ्ठी घेऊन आलेले गिऱ्हाईक गोळ्यांचा जुना पत्ता (स्ट्रिप) काउंटरवर ठेवून हमखास विचारते, "आधीची पाचची होती, ही तर अर्ध्याची, एवढ्याशा गोळीने काय होणार?" जुन्या पत्त्यावर डायझेपाम ५ मिलिग्रॅम छापलेले असते आणि नव्यावर क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. आकडा दहापट लहान दिसत असला, तरी ढोबळ हिशेबाने अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम हे १० मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचे धरले जाते. म्हणजे हातातली 'बारकी' गोळीच जुनीपेक्षा जोरकस असते. म्हणून मिलिग्रॅमवरून तुलना करू नये, आणि हा हिशेब वापरून घरच्या घरी एका गोळीच्या जागी दुसरी तर मुळीच घेऊ नये.

खरी तुलना वेळेची आहे. शरीरातील निम्मे औषध निघून जायला झोल्पिडेम या झोपेच्या गोळीच्या बाबतीत साधारण अडीच तास, अल्प्राझोलामच्या बाबतीत सुमारे ११ तास, लोराझेपामला १० ते २० तास आणि क्लोनाझेपामला ३० ते ४० तास लागतात. डायझेपामचे तर शरीरात जे रूपांतर होते, तेही कित्येक दिवस रेंगाळते. झोप लागतच नाही अशा माणसाला डॉक्टर लवकर ओसरणारे औषध का देतात आणि दिवसभर छातीत धडधड होणाऱ्याला दुसरे का देतात, हे यावरून समजते. मात्र लवकर ओसरणारे म्हणजे सौम्य, असा अर्थ काढू नये. अल्प्राझोलामचा अंमल उतरला की दोन गोळ्यांच्या मध्येच अस्वस्थता उसळते, आणि ते सोडवणे अनेकांना जास्त जड जाते.

झोल्पिडेमविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ते सर्वांत निर्धोक समजले जाते. ते अंथरुणावर पडतानाच आणि पुढे सात-आठ तास झोपेसाठी हाताशी असतील तरच घ्यायचे असते. रात्री दोनला गोळी घेऊन पहाटे पाचला दूध घालायला मोटारसायकल काढणाऱ्याच्या रक्तात तिचा बराचसा भाग शिल्लक असतो. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची: तांबडा-पांढरा रस्सा भरपेट ओरपून लगेच गोळी घेतली, तर ती उशिरा लागू पडते, आणि 'लागली नाही' म्हणून दुसरी घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. झोपेतच उठून चालणे, स्वयंपाक करणे, गाडी चालवणे असे प्रकारही या औषधाने घडल्याची नोंद आहे. असे एकदा जरी झाले, तरी औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे.

दारू, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांच्या जोडीला यांपैकी कोणतीही गोळी घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. मोठ्याने घोरणाऱ्याने आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यानेही हे डॉक्टरांना आधीच सांगावे. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. यकृत नाजूक असलेल्यांसाठी डॉक्टर बहुधा लोराझेपामकडे वळतात, कारण ते पचवण्याचा यकृतावरील भार तुलनेने कमी असतो.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-१ परिशिष्टात, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत. त्यामुळे डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या आम्हाला वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. "नेहमीचाच आहे मी, एक पत्ता द्या की," असे म्हणणाऱ्यावर त्यामुळेच आम्ही नाइलाजाने रोष ओढवून घेतो.

डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या सर्व गोळ्यांचे पत्ते, आयुर्वेदिक काढ्यांसह, पिशवीत घालून न्यावेत आणि औषध किती दिवसांसाठी आहे व ते कसे कमी करायचे, हे पहिल्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. रोज महिनोन्महिने घेतलेली बेंझोडायझेपिन गटाची (वरच्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांपैकी झोल्पिडेम सोडून बाकी सर्व) गोळी एका दिवसात बंद केल्यास आकडीचे (फिटचे) झटके येऊ शकतात; ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते.