गणपतीपुळ्याला निघण्याआधी रंकाळ्यावर हात बसवा

नवा कॅमेरा घेतलाय आणि आंबा घाट उतरून समुद्र गाठायचाय? मग आधी एक संध्याकाळ कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या चौपाटीवर काढा. मावळतीचं ऊन, चमकणारं पाणी, उन्हाकडे पाठ करून उभी माणसं. प्रकाशाची अडचण तीच.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर चमकत्या पाण्याला फसतं आणि फोटो काळपट काढतं, चेहरा तर काळाच. मोड ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर (लेन्सचं छिद्र आपण ठरवतो तो) ठेवा, ‘+/-’ बटण दाबून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ करा आणि तोच फोटो परत घ्या. चेहरा उजळेल, मागचं आकाश थोडं पांढरं पडेल. पडू द्या, फोटो माणसाचा आहे. नुसता सूर्यास्त टिपताना उलट -१ करा, केशरी रंग गडद येतो. लाटेचे उडते थेंब हवेत तर शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास. स्क्रीनवर ग्रिडच्या आडव्या-उभ्या रेषा लावून क्षितिज सरळ धरा, तिरका समुद्र फार खटकतो.

वाळूत लेन्स बदलू नका, म्हणजे नकोच! एसी गाडीतून उतरल्यावर काच धुरकट होते, कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. लेन्सवर वाळू बसली तर आधी ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी फुग्यानं) उडवा, तशीच पुसली तर ओरखडे पडतात. रात्री मुक्कामावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडानं बॉडी पुसा, लगेच कोरडी करा. खारं वारं बटणांच्या फटीत बसतं.