बेसबॉलमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद कसा घालावा

बेसबॉलचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, यावर अमेरिकेत कित्येक पिढ्या वाद घालत आल्या आहेत आणि तो वाद अजून शिळा झालेला नाही. क्रिकेटमध्ये कसोटी फलंदाजीपुरता हा प्रश्न डॉन ब्रॅडमनच्या ९९.९४ या एका आकड्यापाशी येऊन थांबतो. बेसबॉलमध्ये ते स्थान अनेक जण बेब रूथला देतात. १९३२ साली न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ब्रॅडमन आणि रूथ यांची भेटही झाली होती. मात्र रूथच्या आकड्यांना एक मोठी अट जोडलेली आहे, आणि तिच्यामुळेच हा वाद एका आकड्यावर मिटत नाही. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने चढल्यास, नवखा वाचकसुद्धा या वादात मुद्देसूदपणे उतरू शकेल.

१. नाव घेण्याआधी प्रश्न ठरवून घ्या

‘सर्वश्रेष्ठ’ या शब्दात किमान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात: ऐन भरात असताना सर्वांत प्रभावी कोण होता, संपूर्ण कारकिर्दीत एकूण कामगिरी सर्वाधिक कोणाची, आणि खेळाच्या सर्व अंगांत सर्वांत परिपूर्ण कोण. सँडी कूफॅक्स हा पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू) १९६२ ते १९६६ या पाच वर्षांत जवळजवळ अजिंक्य होता, परंतु कोपराच्या दुखण्यामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला निवृत्त व्हावे लागले. याउलट हँक आरनने एकाही हंगामात ५० होमरन (षटकारासारखे, बहुधा कुंपणापार जाणारे फटके) मारले नाहीत, त्याचा उच्चांक ४७ होता, तरीही २३ हंगामांत त्याने ७५५ होमरन जमवले. ते सगळे वजा केले तरी त्याच्या नावावर ३,००० हून अधिक हिट्स (बॅटरला सुरक्षितपणे बेसवर, म्हणजे धावेच्या मार्गातील टप्प्यावर, पोहोचवणारे फटके) उरतात. या दोघांची तुलना प्रश्न न ठरवता केली, तर दोन्ही बाजू खरे बोलत असूनही वाद संपणार नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात आपण कोणत्या अर्थाने बोलत आहोत, ते सांगून टाकावे.

२. चार आकडे नीट समजून घ्या

क्रिकेटची सरासरी डोक्यात ठेवून बेसबॉलची सरासरी वाचू नये. बेसबॉलमध्ये बॅटरने जितक्या अधिकृत संधी घेतल्या, त्यांपैकी किती वेळा हिट मारली, याचे ते प्रमाण असते. दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा बॅटर ०.३०० चा, म्हणजे उत्तम गणला जातो. या आकड्यात मोठी उणीव अशी, की पिचरने चार चुकीचे चेंडू टाकल्यामुळे मिळणारा वॉक (म्हणजे फुकटचा पहिला बेस) त्यात धरला जात नाही आणि साधी हिट व होमरन यांचे मोल सारखेच मानले जाते. ती उणीव भरून काढण्यासाठी बेसवर पोहोचण्याचे प्रमाण, म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज, आणि फटक्यांची ताकद दाखवणारे स्लगिंग हे दोन आकडे पाहावेत.

चौथा आकडा ‘वॉर’ या नावाने ओळखला जातो. सहज उपलब्ध होणाऱ्या राखीव दर्जाच्या खेळाडूऐवजी हा खेळाडू असल्यामुळे संघाने किती सामने अधिक जिंकले, याचा तो अंदाज आहे, आणि ढोबळमानाने दहा धावा म्हणजे एक विजय असे त्याचे गणित चालते. कारकिर्दीच्या वॉरमध्ये रूथ १८० च्या पुढे आहे, तर विली मेज १५० च्या पुढे. हा आकडा उपयोगी आहे, पण तो अंतिम निकाल नव्हे. निरनिराळ्या संस्था तो निरनिराळ्या रीतीने काढतात आणि जुन्या काळातील क्षेत्ररक्षणाचा हिशेब बराचसा अंदाजावर चालतो, त्यामुळे दोन-चार अंकांच्या फरकावरून कोणाला वरचढ ठरवू नये.

३. प्रत्येकाला त्याच्याच काळात उभे करून मोजा

माझ्या मते संपूर्ण वादातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. एक उदाहरण सविस्तर पाहू. १९६८ साली सेंट लुईसचा पिचर बॉब गिब्सन याने नऊ डावांमागे सरासरी केवळ १.१२ धावा दिल्या. २००० साली बोस्टनच्या पेद्रो मार्टिनेझची सरासरी १.७४ होती. नुसते आकडे पाहिले तर गिब्सन सरस ठरतो. परंतु १९६८ हे वर्षच पिचरांचे होते. गिब्सनच्या लीगमधील (मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील दोन लीगपैकी एक) दुसऱ्या क्रमांकाच्या पिचरची सरासरी १.९९ होती. बॅटरांची इतकी दैना झाली, की पुढच्या वर्षी पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि स्ट्राइक झोन, म्हणजे पिचरचा चेंडू योग्य ठरण्याचा पट्टाही, लहान करण्यात आला. २००० साली मात्र बॅटरांची चलती होती. मार्टिनेझच्या लीगची सरासरी ४.९१ होती आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पिचरची ३.७०, म्हणजे मार्टिनेझच्या दुपटीहून अधिक. आपल्या समकालीनांपासून मार्टिनेझ जितका दूर होता, तितका गिब्सन नव्हता.

हीच कसोटी रूथला लावली की त्याचे मोठेपण खऱ्या अर्थाने दिसते. १९२० साली त्याने ५४ होमरन मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधील इतर सातपैकी एकाही संघाला, सगळे खेळाडू मिळूनसुद्धा, तेवढे होमरन मारता आले नाहीत. शिवाय बॅटर म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी तो बोस्टनचा अव्वल पिचर होता. पिचर म्हणून त्याने ९४ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत) सलग २९ हून अधिक डाव एकही धाव दिली नाही. तो विक्रम १९६१ पर्यंत टिकला.

मैदानाचाही विचार करावा. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू अधिक दूर जातो, आणि तिथे घरचे सामने खेळणाऱ्या बॅटरचे आकडे त्यामुळे फुगतात.

४. मैदानाबाहेर कोणाला ठेवले होते, हे विचारा

रूथला जोडलेली अट ती हीच. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकातील मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. रूथ निवृत्त झाला १९३५ साली. म्हणजेच त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत देशातील काही सर्वोत्तम पिचर त्याच्यासमोर लीगच्या सामन्यात कधीच आले नाहीत. यात रूथचा वैयक्तिक दोष नाही, पण ज्या स्पर्धेतून इतक्या गुणी माणसांना वगळले होते, तिच्यातील वर्चस्व वादात जसेच्या तसे धरता येत नाही.

ज्यांना वगळले, त्यांची नावे निग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या व्यावसायिक लीगच्या, इतिहासात आहेत. मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ साली त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळवली. त्यामुळे कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत टाय कॉबला मागे टाकून जॉश गिब्सन हा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) ०.३७२ सरासरीने पहिला आला. (हा जॉश आणि वरचा पिचर बॉब, हे दोघे वेगळे.) १९४३ साली त्याची सरासरी ०.४६६ होती. १९४१ साली ०.४०६ सरासरी राखणाऱ्या टेड विल्यम्सनंतर कोणीही चारशेचा (म्हणजे ०.४०० चा) टप्पा गाठला नाही, हे वाक्य पिढ्यानपिढ्या घोकले गेले. ते आता दुरुस्त करून घेतले पाहिजे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करावी लागते. निग्रो लीगचे हंगाम लहान असत आणि बरेच सामने लीगबाहेर, गावोगावी होत. म्हणून जॉश गिब्सनचे अधिकृत होमरन २०० च्या आतच राहतात. तो आकडा इतरांच्या ६०० आणि ७०० शेजारी ठेवून त्याला लहान ठरवणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल. तुलना प्रमाणांची करावी, एकूण बेरजेची नव्हे. रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याआधी तीन महिने, जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी जॉश गिब्सनचे निधन झाले.

५. गमावलेली वर्षे कशी धरायची, ते आधीच सांगा

टेड विल्यम्स १९४३ ते १९४५ असे तीन पूर्ण हंगाम दुसऱ्या महायुद्धातील सेवेत होता आणि १९५२-५३ मधील बहुतेक काळ कोरियाच्या युद्धात गेला. तरीही बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात ०.४८२ सह तो सर्वांच्या पुढे आहे. न खेळलेल्या सामन्यांतले होमरन कल्पनेने मोजू नयेत. मात्र एकूण बेरजा मांडताना त्या वर्षांचा उल्लेख अवश्य करावा.

६. उत्तेजकांच्या प्रश्नावर सर्वांना एकच नियम लावा

बॅरी बॉन्ड्सचे ७६२ होमरन आणि सात एमव्हीपी (हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कार हे दोन्ही विक्रम आहेत. २००४ साली प्रतिस्पर्धी संघांनी त्याला १२० वेळा जाणूनबुजून वॉक दिला, कारण त्याला चेंडू खेळू देण्यापेक्षा फुकट बेस देणे त्यांना परवडत होते. तरीही उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळे हॉल ऑफ फेम या मानाच्या दालनासाठी होणाऱ्या पत्रकारांच्या मतदानात, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, त्याला ६६ टक्केच मते मिळाली, आणि लागतात ७५. तुम्ही त्याला संपूर्णपणे वगळू शकता, संपूर्णपणे धरू शकता किंवा आरोपांच्या आधीचा, १९९८ पर्यंतचाच हिशेब करू शकता. तोपर्यंतही त्याचे तीन एमव्हीपी झाले होते, आणि ४०० होमरन व ४०० चोरलेले बेस (फटक्याविना धावत जाऊन मिळवलेले) असा दुहेरी टप्पा गाठणारा तो एकमेव खेळाडू होता. यांपैकी जो नियम निवडाल, तो आपल्या लाडक्या खेळाडूलाही लावावा.

७. शेवटी आपली बाजू मांडा, आणि ती कशाने ढळेल तेही सांगा

आकडे पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा ‘अमुक अर्थाने, अमुक कारणांसाठी, अमुक खेळाडू’ अशी मांडणी करावी, आणि विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आपणच आधी बोलून दाखवावा. शोहेई ओतानीसारख्या खेळत असलेल्या खेळाडूबाबत निकाल राखून ठेवणे बरे. २०२४ साली एकाच हंगामात ५४ होमरन आणि ५९ चोरलेले बेस ही त्याची कामगिरी अपूर्व आहे, आणि पिचर व बॅटर या दोन्ही भूमिका आजच्या काळात पेलून तो रूथच्या दाव्यालाच हात घालतो आहे. पण त्याची कारकीर्द अजून संपलेली नाही.

माझी बाजू विली मेजची आहे, आणि ती परिपूर्णतेच्या अर्थाने आहे. समकालीनांवरचे वर्चस्व हीच कसोटी धरली, तर रूथ पुढे जातो, हे मी मान्य करतो. परंतु मेज निग्रो लीगमधून आला आणि मेजर लीगची दारे सर्वांना उघडल्यानंतरच्या स्पर्धेत खेळला. १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा संपूर्ण हंगाम लष्करी सेवेत जाऊनही त्याने ६६० होमरन मारले, आणि ३०० होमरन व ३०० चोरलेले बेस ही जोडी साधणारा तो पहिला खेळाडू ठरला. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार सुरू झाला तोच १९५७ साली, आणि तिथपासून त्याने तो सलग बारा वर्षे मिळवला.

समोरच्याला हे पटले नाही, तर मी २९ सप्टेंबर १९५४ चे चित्रण दाखवतो. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना चालू आहे, आठव्या डावात २-२ अशी बरोबरी आहे, क्लीव्हलंडचे दोन खेळाडू बेसवर आहेत आणि एकही बाद झालेला नाही. व्हिक वर्ट्झचा फटका सेंटर फील्डमध्ये सव्वाशे मीटरच्या आसपास जातो. मेज मैदानाकडे पाठ करून धावत सुटतो आणि खांद्यावरून येणारा चेंडू पाठमोराच झेलतो. इतर कोणी तिथे थांबला असता. मेज त्याच पावली गर्रकन वळून चेंडू परत फेकतो, त्या झटक्यात त्याची टोपी खाली पडते, आणि दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी तिसऱ्या बेसच्या पुढे जाऊ शकत नाही.