लाकडी जिना रेव्हिटमध्ये काढताना मी घातलेले घोळ

मला पहिली नोकरी लागली तीच मुळी रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) येतं म्हणून, आणि पहिल्याच महिन्यात एका घराचा लाकडी जिना अंगावर आला. म्हटलं त्यात काय, स्टेअर टूल उघडायचं, खालची लेव्हल वरची लेव्हल द्यायची, दोन क्लिक की झाला जिना. झाला पण! थ्रीडीमध्ये एकदम झकास दिसत होता. प्रिंट घेऊन सुतारकाकांकडे गेलो तर त्यांनी एकच आकडा बघितला आणि म्हणाले, "साहेब, हे २७०० कच्चं माप आहे, पक्कं किती?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनीच समजावलं. खाली ५० मिमीची लादी येणार होती आणि वर १८ मिमीच्या लाकडी पट्ट्या, आणि मी जिना कच्च्या जमिनीपासून कच्च्या जमिनीपर्यंत काढला होता. १४ रायझर (पायरीच्या उभ्या बाजू), म्हणजे प्रत्येकाची उंची १९३ च्या आसपास. लादी बसली की पहिली पायरी उरणार १४३ ची आणि वरच्या पट्ट्या बसल्या की शेवटची होणार २११ ची. एकाच जिन्यात ६८ मिमीचा फरक! अमेरिकेतल्या घरांच्या कोडमध्ये सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा रायझर यांच्यात ९.५ मिमीच्या वर फरक चालत नाही, यावरून अंदाज घ्या. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची लक्षात ठेवतो आणि पुढे आपण खाली बघतच नाही, म्हणून माणूस तिथेच अडखळतो.

खरी उंची होती २७०० वजा ५० अधिक १८, म्हणजे २६६८. भागिले १४ केलं की १९०.६. त्यामुळे नवीन मुलांना माझं पहिलं सांगणं हेच की लेव्हल कुठे धरलीये ते आधी बघा, आणि ती कच्ची असेल तर जिन्याच्या बेस ऑफसेट आणि टॉप ऑफसेटमध्ये फिनिशची, म्हणजे लादीची किंवा पट्ट्यांची, जाडी टाका.

माप बसतंय का ते बघायला जुना हिशोब आहे, दोन रायझर अधिक एक गोइंग (एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर). सतराव्या शतकात ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टने मांडलेला, अजून चालतो. गोइंग २४० धरलं तर आपलं येतं ६२१, ब्रिटनमध्ये ५५० ते ७०० मध्ये बसलं की चालतं. तिथे घरातल्या जिन्याला रायझर जास्तीत जास्त २२० आणि चढ ४२ अंश, अमेरिकेत रायझर पावणेआठ इंच. तुमच्याकडे जे नियम असतील ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, कारण सॉफ्टवेअरमधले डिफॉल्ट आकडे तुमच्या भागातले असतीलच असं नाही.

आता रुंदी. हा घोळ मी दोनदा घातला, एकदा घालून समाधान झालं नाही बहुतेक. मला जिना बाहेरून बाहेर ९०० हवा होता म्हणून रन विड्थमध्ये ९०० टाकले, पण रेव्हिट त्या रुंदीत बाजूचे स्ट्रिंगर (पायऱ्या धरणाऱ्या दोन बाजूंच्या तिरक्या फळ्या) धरत नाही, ते बाहेरून लावतं. ३२ मिमीचे दोन स्ट्रिंगर म्हणजे जिना झाला ९६४ आणि एक बाजू सरळ भिंतीत घुसली. टाकायचे होते ८३६. बरं ८३६ टाकले तरी गोष्ट संपत नाही, कारण बंद स्ट्रिंगरच्या जिन्यात ट्रेडची, म्हणजे पाय ठेवायची, फळी स्ट्रिंगरला नुसती टेकत नाही, त्याच्यात साधारण १२ मिमीची खाच मारून आत बसते आणि खालून गोंद लावून पाचर ठोकतात. म्हणजे फळी लागते ८६० ची आणि मॉडेलमध्ये दिसते ८३६ ची. तुमच्या शेड्यूलवरून (मॉडेलमधून निघणारी मापांची यादी) कोणी लाकूड कापलं तर प्रत्येक फळी २४ मिमी आखूड, आणि मग पाचर बसते ती आपल्यालाच. फळीच्या रुंदीचंही तसंच, २४० हे गोइंग झालं, २० मिमी नोझिंग (फळीची पुढे आलेली कड) पुढे आलं की फळी किमान २६० ची.

म्हणून मी तर म्हणतो की ऑटोमॅटिक टूलला हात लावण्याआधी एक सरळ जिना स्केचअपमध्ये (साधं थ्रीडी सॉफ्टवेअर) फळी-फळी जोडून करा. खाच, पाचर, रायझरची प्लाय, सगळं. दोन दिवस जातात, बोअर होतं, पण नंतर रेव्हिटमध्ये असेंबल्ड स्टेअरच्या सेटिंगमधला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटायला लागतो.

वळणाच्या पायऱ्या, म्हणजे विंडर, यांना मात्र टूलवर सोडू नका. सिंगल पॉइंट निवडलं की सगळ्या पायऱ्या एका टोकाला जाऊन मिळतात, स्क्रीनवर पंख्यासारखं छान दिसतं, पण खऱ्या जिन्यात त्या टोकाला न्यूएलचा, म्हणजे वळणावरचा मुख्य, खांब उभा असतो आणि पायऱ्या त्याच्यात खाचेने बसतात. मी सरळ स्केचमध्ये बदलून रेषा हाताने ओढतो. खांबही हाताने ठेवतो.

कठड्याचं सोपं आहे, दांड्यांमधून १०० मिमीचा गोळा जाता कामा नये. २४० च्या पायरीवर ३२ मिमीच्या दोन दांड्या लावल्या की मध्ये ८८ राहतात.

हेडरूम, म्हणजे डोक्यावरची उंची, प्लॅनमध्ये कळत नाही, सेक्शन (उभा छेद) काढाच. वरचा मजला २५० जाड आणि डोक्यावर २००० हवे तर चढाची रेषा (पायऱ्यांच्या कडा जोडणारी) ४१८ मिमी उंचीच्या वर जायच्या आत वरच्या मजल्यातली मोकळी जागा सुरू व्हायला हवी, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या आधीच. मी ती पाचव्या पायरीपासून सुरू केली होती. कपाळमोक्षच.

रेंडर करताना लाकडाचे रेषे पायरीच्या लांबीत जातायत ना तेही बघा. माझे आडवे होते, काका मिनिटभर हसत होते, म्हणाले अशी फळी पायाखाली मोडेल.

आणि एक, या जिन्याचा स्ट्रिंगर साधारण ४.१ मीटर लांब होतो. तो घरात आणायचा कसा? आता मी प्लॅनमध्ये ४१०० लांबीचा एक आयत काढतो आणि दारातून, पॅसेजमधून फिरवून बघतो. दोनदा अडकला, दोन्ही वेळा जिना मध्ये लँडिंग देऊन तोडला.