सिंहगडावरून ज्वालामुखी बघायचा असेल तर

माझी भाची तीन वर्षं जपानात नोकरीला होती. परत आली ती मोबाईलमध्ये फुजी ज्वालामुखीचे शेकडो फोटो घेऊन. जेवताना एकेक दाखवत होती आणि मध्येच म्हणाली, "मावशी, आपल्याकडे असलं काहीच नाही बघ." मी भूगोल शिकवण्यात तीस वर्षं घालवलीत, ते घासाबरोबर गिळून टाकणं शक्य नव्हतं. पुढच्या बुधवारी पहाटे सव्वाचारला तिला हलवून उठवलं.

तुम्हालाही जायचं असेल तर आधी महिना नीट निवडा. पुण्याची माणसं सिंहगडावर पावसाळ्यात गर्दी करतात. तेव्हा धुकं, भजी आणि ओलं होणं एवढंच पदरात पडतं, डोंगर दिसतच नाही. हिवाळ्यात गवत कमरेएवढं असतं. माघ संपून फाल्गुन लागला की गवत वाळून झोपतं, झाडं पानं टाकतात आणि डोंगराची हाडं उघडी पडतात. ती हाडंच आपल्याला बघायची आहेत. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून शिमग्यापर्यंत जाऊन या. पाडव्यानंतर ऊन तापतं आणि हवेत धूळ इतकी असते की समोरचा तोरणासुद्धा राखेत बुडाल्यासारखा वाटतो.

शनिवार-रविवार टाळा. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याला जाते, पण सहाच्या ठोक्याला चढायला लागायचं तर दुचाकी बरी. आम्ही धायरीहून खडकवासल्याच्या कडेने निघालो. डोणज्याच्या पुढे उजाडायच्या आधीच्या प्रकाशात एक पांगारा दिसला, पान एक नाही, नुसती लाल फुलं. पळस परतताना पाहा, उन्हात तो जास्त शोभतो.

सामान थोडंच घ्या. माणशी अडीच-तीन लिटर पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे आणि एक भिंग. माझं भिंग घड्याळजीचं आहे, जुन्या बाजारातून घेतलेलं. अत्तर किंवा सेंट मारून येऊ नका. कड्यांना आग्यामोहोळं असतात आणि त्यांना वास आवडत नाही. काडी ओढणाऱ्यांनी काडी घरी ठेवावी. या दिवसांत गवताला ठिणगी पुरते, आणि वणवा लागला की डोंगराची अख्खी बाजू काळी होते. बुटांबद्दल शेवटी सांगते, तो धडा मला महागात पडला आहे.

आतकरवाडीतून वाट सुरू होते. चढ ६०० मीटरच्या आसपास. तरणी पोरं तासाभरात वर जातात, मला गुडघ्यांमुळे दोन तास लागतात आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण बघायचं ते वाटेतच सुरू होतं. पायांकडे लक्ष द्या. छातीवर येणारा चढ, मग जरा श्वास घेण्याजोगी सपाटी, पुन्हा चढ, पुन्हा सपाटी. ताक-सरबतवाल्या मावशी बरोबर त्या सपाट्यांवर बसतात. भाचीला म्हटलं, प्रत्येक सपाटीवर थांब आणि मागचा चढ कुठल्या दगडाचा होता ते बघ.

माझे अण्णा विहिरी खोदायचे. हवेली तालुक्यातल्या कितीतरी विहिरींचं काम त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांना भूगर्भशास्त्र हा शब्द ठाऊक नव्हता, पण थर ठाऊक होते. वर मुरूम. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, पहारीला दाद देणारा दगड. मग काळा पाषाण, तिथे सुरुंगाशिवाय काम नाही. आणि पाषाण फोडून खाली गेलं की पुन्हा मांजऱ्या! लहानपणी मला वाटायचं, जमिनीला कुणीतरी चपात्यांसारखं एकावर एक रचलंय. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की खरंच तसंच आहे. लाव्ह्याचा लोंढा पसरला की त्यातले वायू वर यायला बघतात आणि वरचा भाग निवताना बुडबुडे तिथेच अडकतात, तो मांजऱ्या. आतला भाग सावकाश निवतो, तो घट्ट काळा पाषाण. मांजऱ्या लवकर झिजतो म्हणून सपाटी, पाषाण झिजत नाही म्हणून कडा. सिंहगडाची वाट म्हणजे अण्णांची विहीर, खालून वर चढायची.

मांजऱ्या सापडला की भिंग काढा. पांढरे ठिपके म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळीत पाण्याने मागाहून भरलेली खनिजं, झिओलाइट किंवा कॅल्साइट. पुण्याच्या आसपासच्या खाणींत असल्या पोकळ्यांतून फार देखणी खनिजं निघाली आहेत: पाषाण गावचं हिरवं अपोफिलाइट, वाघोलीचं गर्द निळं कॅव्हान्साइट, जगभरच्या संग्राहकांना माहीत असलेलं. गडावर मात्र हातोडी चालवायची नाही. एक ठिपका जरी खरवडलात तरी मी ओळख सांगणार नाही.

आठच्या आत वर पोचलात तर पुणे दरवाज्यातून आत गेल्यावर पिठल्याच्या वासाकडे दुर्लक्ष करा. ते परतताना. सरळ पश्चिमेच्या कड्याकडे चालत सुटा. वाटेत देवटाक्याचं पाणी बघा. १३०० मीटरच्या आसपास, फाल्गुनात, हे पाणी कुठून आलं? पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतून खाली उतरतं आणि खाली न मुरणारा थर लागला की आडवं सरकून फुटतं. अण्णा याला "झरा लागला" म्हणायचे आणि नारळ फोडायचे.

कड्यावर कठड्यापासून चार पावलं मागे बसा. नैऋत्येला तोरणा, १४०० मीटरचा, त्याच्या डावीकडे राजगड. साडेआठ ते साडेनऊ हा तास खरा. डावीकडून तिरपं ऊन येतं, त्यामुळे कड्यांवर प्रकाश आणि बेचक्यांत सावली असते. आता शिखर शोधू नका. भाचीची चूक तीच झाली, ती फुजीसारखा सुळका शोधत राहिली. आपल्या ज्वालामुखीला सुळका नव्हता. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला, लोंढ्यावर लोंढा. आज उरलेला भागच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. मध्ये बराच काळ शांतता असली की लोंढ्याच्या पाठीवर माती व्हायची आणि पुढचा लोंढा ती झाकून टाकायचा. कुठल्याही घाटात, रस्ता कापलेल्या ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसला तर ती ही माती.

शिखर नाही, हे थर बघायचे आहेत, म्हणून काठी घ्या. नसेल तर पाण्याची बाटली आडवी धरा, हात पूर्ण लांब करून. डोळे थोडे मिटा. काठीच्या वरच्या कडेने तोरण्याचा एक काळा पट्टा पकडा आणि काठी न हलवता नजर राजगडावर न्या. तिथेही पट्टे तसेच आडवे, जवळजवळ समांतर. मग खालच्या पट्ट्यावर या. दोन-तीन वेळा केलं की मधल्या दऱ्या रिकाम्या वाटेनाशा होतात. पूर्वी तिथेही दगडच होता, पाण्याने तो कोरून नेला. भाची पाच मिनिटं गप्प बसली, हे तिच्या बाबतीत नोंद करण्यासारखं आहे.

इंग्रजीत या दगडाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला. मला आपले शब्द जास्त नेमके वाटतात. राजगडाकडे बघा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या म्हणजे एक रुंद पायरी, आणि तिच्यावर उरलेला वरच्या थरांचा तुकडा म्हणजे बालेकिल्ला. किल्ले बांधणाऱ्यांनी पाषाणाचा कडा आयता तट म्हणून वापरला आणि तो जिथे तुटला तिथेच बांधकाम केलं. मी वर्गात थर शिकवताना आता किल्ल्याचंच चित्र काढते, मुलांना चटकन कळतं.

साडेनऊनंतर ऊन डोक्यावर येतं, पट्टे पुसट होतात. मग पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि साडेदहाला उतरायला लागा. अकरानंतर काळा दगड तव्यासारखा तापतो.

आता बूट. उतरताना मुरुमाचे बारीक खडे पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखे सरकतात; टाच आधी टेकवू नका, पाऊल आडवं आणि छोटं टाका. मागच्या वर्षी मी माळ्यावरचे जुने बूट धूळ झटकून घातले होते. अर्ध्या उतारावर उजव्याचा तळ सुटून जीभ काढल्यासारखा लोंबायला लागला, वाळलेला गोंद दुसरं काय करणार. ओढणीने बांधून, दर शंभर पावलांवर गाठ आवळत खाली आले. आदल्या दिवशी बूट घालून जिना चार वेळा चढा-उतरा, तळ वाकवून बघा.

दुपारी झोप काढून संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराला जा. हे लेणं याच दगडात, अखंड कोरलेलं आहे. भाचीने आत शिरल्याशिरल्या खांबावर हात ठेवला आणि माझ्या पिशवीत भिंग शोधायला लागली.