खान्देशच्या उन्हाळ्यात ग्रेनाश चाखताना

ग्रेनाश हे लाल वाइनचं द्राक्ष पातळ सालीचं, म्हणून वाइनचा रंग फिका. कडेला विटकरी झाकही लवकर येते. शिराझ या गडद लाल वाइनची सवय असलेला माणूस ग्लास बघूनच हिला हलकी ठरवतो, आणि अल्कोहोल निघतं १४-१५ टक्के. हे तुम्ही वाचलेलं असेलच.

पण जळगाव-भुसावळकडे बसून वाइन चाखण्याचा अभ्यास करणाऱ्याला खरा दगा देतं ते तापमान. पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे १५ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४, आणि घरात पंख्याखालीही ३५ च्या आसपास. त्या उष्णतेत ग्रेनाश उघडली की सगळ्यात आधी अल्कोहोल नाकात चढतं आणि स्ट्रॉबेरी, रासबेरी, पांढरी मिरी त्याखाली दबून जातात. या द्राक्षाची आंबट धार मुळातच कमी, ती आणखी बोथट लागते. पिकलेलं फळ आणि अल्कोहोल मिळून गोडीचा भास होतो, आणि तुम्ही कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या वाइनपुढे 'किंचित गोड' लिहून मोकळे होता. म्हणजे एका गरम बाटलीने गोडी, आम्ल आणि वास या तिन्ही नोंदी बिघडवल्या. नंतर कितीही वाचा, पाया चुकलेलाच राहतो.

उपाय साधा आहे. बाटली बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, ग्लासात थोडीच ओता आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवून बघा. १६ दिसलं की सुरू करा. एकदा तरी त्याच बाटलीचे दोन ग्लास शेजारी ठेवा, एक १६ ला, एक आपल्या गरम खोलीच्या तापमानाला, आणि दोन्हींची नोंद वेगवेगळी लिहा. हा एक प्रयोग अनेक पुस्तकांपेक्षा जास्त शिकवतो.

वेळ सकाळची, जेवणाआधीची. भरीत किंवा शेवभाजीची तर्री जिभेवर असेल तर मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग एकमेकींना वाढवतात. घोट थुंकायला लाजू नका. तिसऱ्या वाइनला डोकं शाबूत हवं.

वासांच्या तयार याद्या पाठ करणं मला अजिबात पटत नाही. रासबेरी कधी हुंगलीच नसेल तर ती लिहू नका, 'लाल फळ' पुरेसं आहे. पांढरी मिरी किराणा दुकानात मिळते, आणून कुटून हुंगा. आणि तुम्ही ग्लास नाकाला लावायच्या आधीच उत्तर सांगून टाकणारा गुरू लांबच बरा.

सिरा (म्हणजे शिराझच) आणि मूर्वेद्र ही द्राक्षं मिसळलेली, फ्रान्समधल्या दक्षिण रोनची वाइन असेल तर रंग आणि टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) वाढलेलं दिसेल. तिथे ग्रेनाश शोधायची ती घोटाच्या मऊ, भरलेल्या मध्यात आणि गिळल्यानंतरच्या उबेत.

पहिले काही महिने काहीच कळत नाही, ते सगळ्यांचंच होतं. घाबरू नका. डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या लेव्हल ३ परीक्षेत ३० मिनिटांत एक पांढरी आणि एक लाल वाइन नाव न सांगता देतात. तिथे १४ टक्के आणि त्यापुढचं अल्कोहोल 'हाय' धरतात. तो आकडा अंगात मुरवायचा तर थंड ग्लासात घशाशी जाणवणारी ऊब ओळखा. परीक्षेच्या हॉलमध्ये बहुधा एसी असतो, घरच्या गरम ग्लासातली आग तिथे जाणवणार नाही.